स्ट्रायकर सगळ्यात शेवटी

आपला मुंबई सिटी हा फुटबॉल संघ लागोपाठ चार सामने हरला की अंधेरीच्या स्टँडमध्ये दोन मागण्या सुरू होतात. कोच बदला आणि स्ट्रायकर आणा. त्यामागचं दुःख खरं असतं. गोल होत नाहीत हे सगळ्यांना दिसतं, टचलाइनवर हातवारे करणारा माणूसही सगळ्यांना दिसतो. पण कुणाचा करार कधी संपतोय, दोन स्टॉपर, म्हणजे गोलसमोरचे मधले बचावपटू, एकमेकांशेजारी आजवर किती सामने खेळलेत, बॉल गेल्यावर मधल्या हाफच्या, म्हणजे मिडफिल्डरच्या, मागे किती जागा मोकळी पडते, हे स्टँडमधून चटकन दिसत नाही आणि घात तिथेच झालेला असतो. माझं मत स्पष्ट आहे. कोसळलेला संघ उभा करताना पहिलं काम कागदावर करायचं, दुसरं मैदानाच्या मधोमध, आणि स्ट्रायकर सगळ्यात शेवटी आणायचा. हा क्रम उलटा झाला की पैसा जातो, सीझन जातो आणि पुढच्या मे महिन्यात तीच चर्चा नव्याने सुरू होते.

मुंबई सिटीचेच आकडे घ्या. २०१९-२० मध्ये इंडियन सुपर लीगच्या १८ सामन्यांत संघाने २५ गोल केले आणि २९ खाल्ले. नंबर पाचवा. पुढच्या सीझनला २० सामन्यांत ३५ केले, १८ खाल्ले. लीगमध्ये पहिल्या नंबरची शील्डही आली आणि त्यानंतरच्या प्लेऑफचा, म्हणजे बाद फेरीचा, कपही. त्याच्या पुढच्या वर्षी, २०२१-२२ मध्ये, संघाने ३६ गोल केले, म्हणजे विजेतेपदाच्या वर्षापेक्षा एक जास्तच. तरी नंबर पुन्हा पाचवा, कारण खाल्ले ३१. गोल करणारे पाय तितकेच चालत होते, मागचं दार उघडं पडलं होतं. ही तीन वर्षं शेजारी मांडली तर 'आधी स्ट्रायकर' या मागणीला फारसा आधार उरत नाही.

२०२० च्या त्या बांधणीबद्दल एक गोष्ट पुरेशी बोलली जात नाही. सर्जिओ लोबेरा कोच म्हणून आले तेव्हा क्लबमध्ये हिस्सा असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपचा पैसा होता, हे खरंच. पण पैसा कुठे लावला ते पाहण्यासारखं आहे. मुर्तदा फॉल स्टॉपर, अहमद जाहू त्याच्या पुढे, ह्यूगो बुमूस त्याच्याही पुढे. तिघेही एफसी गोव्यात लोबेरांच्याच हाताखाली एकत्र खेळलेले. म्हणजे क्लबने तीन खेळाडू घेतले आणि त्यांच्याबरोबर त्यांचं आपसातलं जमलेलं गणितही घेतलं. जाहूला वर न बघता कळत होतं की फॉल आपल्या कुठल्या खांद्यामागे उभा आहे. दोन नवे खेळाडू ही ओळख कमवायला दहा-बारा सामने घेतात, आणि तेवढ्यात आपल्या लीगचा अर्धा सीझन उलटतो. गोलमध्ये अमरिंदर आधीपासून होता. त्यामुळे गोलकीपरपासून पुढे सरळ रेषेत चार माणसं पहिल्या दिवशीच पक्की झाली. ओग्बेचे आणि ले फाँड्रे हे स्ट्रायकर आले, पण एका उभ्या राहिलेल्या संघात आले.

बाजू मात्र भारतीयांकडे होत्या. डावीकडे बिपिन सिंग आणि मंदार राव देसाई, उजवीकडे आपल्या मुंबईचा अमेय रानवडे. यामागे शहाणपण आहे. भारतीय बाजारात धावणारे विंगर आणि साइड बॅक (बाजूचे बचावपटू) मिळतात. वाजवी करारात मिळतात. दुर्मीळ असतो तो पाठीमागून दबाव असताना बॉल घेऊन वळणारा मधला हाफ, किंवा ४० मीटरवरचा पास पायात देणारा स्टॉपर. २०२१-२२ पासून तर मैदानात एकावेळी चारच परदेशी खेळवता येतात. या चार जागा सोन्याच्या आहेत. त्यातली एक जरी विंगरवर खर्च केली तर मधल्या रांगेत भोक पडतं आणि ते कुठल्याही कोचला झाकता येत नाही.

आता कागदाचं काम. त्याला कुणी टाळ्या वाजवत नाही, म्हणून ते टळतं. प्रत्येक खेळाडूपुढे चार गोष्टी लिहायच्या: वय, करार संपण्याचा महिना, गेल्या दोन सीझनमध्ये खेळलेली मिनिटं, आणि तो नसेल तर त्या जागी कोण. लीगचे २४ सामने धरले तर एकूण २१६० मिनिटं होतात. दुखापतींमुळे सलग दोन वर्षं हजारही न भरलेला खेळाडू कितीही मोठ्या नावाचा असो, त्याच्यावर संघ उभारायचा नाही. संघात ठेवा, करारात सामन्यागणिक पैसे ठेवा, पण खांब म्हणून धरू नका. २५ जणांच्या संघात २४ ते २९ वयाचे बारा-तेरा हवेत, तिशीपुढचे पाचापेक्षा जास्त नकोत, आणि २१ च्या आतले किमान पाच, तेही नुसते बाकावर बसणारे नकोत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे करार एकाच उन्हाळ्यात संपू द्यायचे नाहीत. वर्षाला सात-आठ, त्याहून जास्त नाही. कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी बोलून सही करू शकतो आणि सीझन संपल्यावर फुकटात जातो. म्हणून खांबाच्या खेळाडूशी बोलणी करार संपण्याच्या दीड वर्ष आधी सुरू व्हायला हवीत. प्रत्यक्षात काय होतं? संघ जिंकत असतो तेव्हा मालकांना घाई वाटत नाही. संघ हरू लागला की कुणाला ठेवावं याची खात्री वाटत नाही. दोन्हीकडून शेवटच्या सहा महिन्यांचा जानेवारी येऊन ठेपतो.

२०२४ च्या उन्हाळ्यात हेच झालं. मे महिन्यात कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून कप आणला, आणि नंतरच्या काही आठवड्यांत आपुइया मोहन बागानकडे गेला, तर राहुल भेके, अल्बर्टो नोगेरा आणि होर्हे पेरेरा दियास हे तिघे बेंगळुरूकडे. एक स्टॉपर, एक मधला हाफ, एक पुढचा हाफ, एक स्ट्रायकर. मधली अख्खी रांग. विंगर छांगते राहिला, विक्रम प्रताप राहिला, म्हणजे बाजू शाबूत होत्या. तरी २०२३-२४ मध्ये २२ सामन्यांत ४२ गोल करणारा संघ २०२४-२५ मध्ये २४ सामन्यांत २९ वर आला, आणि खाल्लेले गोल १९ वरून २८ झाले. २९ मार्च २०२५ ला प्लेऑफमध्ये ५-० ने हरवलं ते बेंगळुरूनेच. विंगरला बॉल कुठून येतो आणि कोणत्या वेळी येतो, यावर त्याचे गोल ठरतात. छांगतेचा वेग कमी झाला नव्हता. त्याला बॉल अर्धा सेकंद उशिरा मिळू लागला, आणि तेवढ्यात समोरचा साइड बॅक वळून तयार होतो.

कागद झाला की मैदानाचा मधला पट्टा. खेळताना आपल्या शेवटच्या स्टॉपरपासून पुढच्या स्ट्रायकरपर्यंतचं अंतर ३० ते ३५ मीटर असावं. हरणाऱ्या संघात ते ५० च्या पुढे जातं, आणि त्याची सुरुवात बहुतेक वेळा भीतीपासून होते. स्टॉपर वेगाने कमी पडतोय असं त्याला स्वतःला वाटतं, म्हणून तो चार पावलं मागे सरकतो. पुढचे मात्र प्रेस करायला, म्हणजे समोरच्याकडून बॉल हिसकावायला, धावत राहतात, कारण कोचने तसं सांगितलेलं असतं. मध्ये दोन हाफ एवढ्या मोठ्या जागेत एकटे पडतात. मग आपण म्हणतो, मिडफिल्ड धावत नाही. ते प्रत्यक्षात सगळ्यात जास्त धावत असतात, फक्त चुकीच्या दिशेने, म्हणजे स्वतःच्या गोलकडे.

स्टँडमधून हे तपासायचं असेल तर दहा मिनिटं बॉलकडे बघू नका. आपला संघ समोरच्या पेनल्टी बॉक्सजवळ असताना मागे किती जण उरलेत ते मोजा. दोन स्टॉपर आणि त्यांच्या पुढे एक हाफ ही अगदी किमान संख्या. दुसऱ्या बाजूचा साइड बॅक आत सरकून चौथा झाला तर उत्तम. हरणाऱ्या संघाचे दोन्ही साइड बॅक एकाच वेळी कॉर्नरच्या झेंड्यापाशी पोचलेले असतात. तिथून क्रॉस अडला की पहिल्याच लांब पासला दोन स्टॉपर तीन धावणाऱ्यांसमोर उघडे पडतात. यावर उपाय नवा खेळाडू घेण्याचा नाही. एक साइड बॅक वर गेला की दुसऱ्याने मध्यरेषेपाशी आत यायचं, आणि बॉल गेल्यावर पहिले पाच सेकंद जवळच्या तिघांनी त्यावर तुटून पडायचं. तेवढ्यात मिळाला नाही तर सगळ्यांनी बॉलच्या मागे यायचं. अर्ध्या मैदानावर आठ विरुद्ध आठ खेळवून, शिट्टीवर बॉल मुद्दाम दुसऱ्या संघाला देऊन, हे आठवड्यातून दोनदा वीस-वीस मिनिटं घोटलं तर साधारण सहा आठवड्यांत अंगवळणी पडतं. त्या सहा आठवड्यांत निकाल लगेच सुधारतील असं नाही, आणि नेमकी तिथेच कोच बदलण्याची मागणी शिगेला पोचते. सीझनच्या मध्ये कोच काढला की नवा माणूस हीच सहा आठवड्यांची घोटणी पहिल्यापासून सुरू करतो, आणि तोवर प्लेऑफचं गणित संपलेलं असतं. ड्रेसिंग रूमनेच कोचवरचा विश्वास सोडला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा एक दिवसही थांबू नये.

सेट पीसबद्दल, म्हणजे फ्री किक-कॉर्नरसारख्या थांबलेल्या बॉलबद्दल, मी थोडं जास्त बोलेन, कारण पैसे नसलेल्या संघाला सगळ्यात लवकर गुण इथून मिळतात. २८ फेब्रुवारी २०२१ आठवा. शील्डचा शेवटचा सामना, एटीके मोहन बागानशी. मुंबईला जिंकावंच लागणार होतं. सातव्या मिनिटाला जाहूच्या फ्री किकवर फॉलचं हेडर. नंतर हर्नान सांतानाची फ्री किक बारला लागून परत आली आणि ओग्बेचेने डोक्याने आत घातली. २-० सामना संपला, दोन्ही संघ ४० गुणांवर, आणि शील्ड मुंबईची. त्या संध्याकाळचे दोन्ही गोल थांबलेल्या बॉलवरचे होते.

कॉर्नर अडवायची जी मांडणी मला सगळ्यात भरवशाची वाटते ती अशी: पाच जण सहा यार्डांच्या रेषेवर जागा धरून, त्यातला सगळ्यात चांगला हेडर मारणारा मधोमध आणि दुसरा जवळच्या पोस्टसमोर. तिघे समोरच्या धोकादायक खेळाडूंची धाव अडवायला, त्यांच्या अंगाला लागून. एक जण बॉक्सच्या टोकाशी, आणि एक वर मध्यरेषेजवळ, म्हणजे त्यांचे किमान दोघे मागे अडकतात. चूक बहुतेक दोन ठिकाणी होते. जवळच्या पोस्टवरचा माणूस बॉल हवेत असताना मागे पाऊल टाकतो आणि समोरच्याला डोक्याने बॉल मागे ढकलू देतो. किंवा पहिला हेडर निघतो, सगळे सुटकेचा श्वास टाकतात, आणि बॉक्सच्या टोकाशी पडलेल्या सेकंड बॉलवर, म्हणजे परत सुटलेल्या बॉलवर, आपला कुणीच नसतो. तिथला माणूस ठरलेला हवा आणि त्याने बॉलकडे पुढे येऊन अडवायचं, पाठ फिरवून नाही. आपल्या कॉर्नरसाठी चारच पद्धती ठेवाव्यात. दहा ठेवल्या की सामन्यात कुणालाच एकही आठवत नाही. सामन्याच्या आदल्या दिवशी पंधरा मिनिटं आणि त्याआधी एकदा पंधरा मिनिटं, एवढाच खर्च.

शरीराचा विषय मुंबईत वेगळा आहे. ऑक्टोबरमध्ये रात्रीच्या सामन्यालाही हवेतला दमटपणा इतका असतो की घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. तासाला लिटर-दीड लिटर पाणी सहज जातं. म्हणून सरावाच्या आधी आणि नंतर वजन करायला हवं, आणि कमी झालेल्या प्रत्येक किलोमागे पुढच्या काही तासांत साधारण दीड लिटर, तेही मिठासकट. साठाव्या मिनिटानंतर संघ तुटतो तेव्हा आपण जिद्द नाही म्हणतो. बऱ्याचदा प्रीसीझन, म्हणजे सीझनआधीची तयारी, चार आठवड्यांची झालेली असते, सहाची नाही. सहा आठवडे, सहा-सात सराव सामने, पहिल्यात ४५ मिनिटं, मग ६०, मग ७५, शेवटच्या दोनांत पूर्ण ९०. हे न करता सीझन सुरू केला की तिसऱ्या-चौथ्या सामन्यापासून हॅमस्ट्रिंग जायला लागतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, गवताची मैदानं बसतात, आणि चिखलात पाय घसरून जांघेचे स्नायू ताणले जातात. कूपरेजचं टर्फ पावसात खेळता येतं, पण रोज कृत्रिम टर्फवर सराव आणि सामना गवतावर, हा बदल घोटे आणि गुडघे सोसत नाहीत. पावसाळ्यातले किमान तीन आठवडे संघ मुंबईबाहेर, कोरड्या गवतावर न्यावा. त्या खर्चाला काटछाट लावू नये.

या शहरात संघाची बांधणी हा विषय जिव्हारी लागतो, कारण इथे संघ बांधले जाण्यापेक्षा बंदच जास्त झाले. १८९१ पासून शतकभर रोव्हर्स कप ही स्पर्धा खेळवलेल्या शहरात कॅलटेक्स, मफतलाल, ओर्के अशा कंपन्यांचे संघ आले आणि गेले. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये नॅशनल लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघ बंद झाला, तोही खेळ ढासळला म्हणून नव्हे. मग पिवळ्या जर्सीतला मुंबई एफसी. खालिद जमील २००९ पासून सात वर्षं तिथे कोच होते. हातात थोडं सामान, पण संघ दरवर्षी आय-लीग या देशपातळीवरच्या लीगमध्ये टिकायचा. २०१६ मध्ये ते गेले, मिझोरामच्या आयझॉल क्लबला पोचले, मुंबईचे जयेश राणे आणि आशुतोष मेहता यांनाही घेतलं, आणि २०१६-१७ मध्ये १८ सामन्यांत ३७ गुण करून आय-लीग जिंकली. त्याच सीझनमध्ये मुंबई एफसी शेवटच्या नंबरवर राहून खाली गेला आणि पुन्हा वर आला नाही.

आयझॉलची बांधणी मला आजही सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. आदल्या वर्षी घसरलेला आणि केवळ गोव्याचे क्लब बाहेर पडल्यामुळे लीगमध्ये परत घेतला गेलेला तो संघ. जमील यांनी तिथल्या मिझो पोरांचा पाया हलवला नाही. त्यावर किंग्स्ली स्टॉपर, अल्फ्रेड जारयान आणि महमूद अल-अमना मधे, अशी मोजकी परदेशी माणसं घातली. म्हणजे पुन्हा तोच मधला पट्टा. आणि ज्यांच्या सवयी स्वतःला तोंडपाठ आहेत अशी मुंबईची ओळखीची पोरं बरोबर नेली.

म्हणून स्थानिक मुलांचा प्रश्न मला भावनेपुरता वाटत नाही, हिशेबाचा वाटतो. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करणारा नेव्हिल डिसूझा मुंबईच्या क्लबांमधून खेळायचा. वांद्र्याला त्याच्या नावाचं मैदान आहे. माहीम, डोंगरी, मालवणी, ऑर्लेम इथे मुलं रोज खेळतात. कोल्हापुरात तर तालमींच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरतं, आणि तिथूनच अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकापर्यंत पोचला. पण १७ ते २१ हे वय मधेच गळतं. शाळेची स्पर्धा संपते, वरिष्ठ संघात जागा नसते, घरी नोकरीची घाई असते. क्लबने दरवर्षी असे सहा मुलगे घ्यावेत, त्यांना राहणं, जेवण आणि कॉलेजची फी द्यावी, आणि दुसऱ्या वर्षी खालच्या लीगमध्ये लोनवर पाठवावं, जिथे वीस सामने तरी पूर्ण खेळायला मिळतील. सहातले दोन वर आले तरी दोन बाहेरचे करार वाचतात. डिसेंबर २०२५ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतला आपला हिस्सा मूळ मालकांना परत दिल्यानंतर तर हे टाळून चालणार नाही. जगभर पसरलेल्या स्काउटांचं जाळं गेलं की बांधणी इथल्या मैदानांवर डोळ्यांनी बघूनच करावी लागते.

आणि मग स्ट्रायकर. त्याचे पेनल्टी वगळून गोल मोजायचे. ते बॉक्सच्या आतले किती, दमट हवेच्या देशात खेळलाय का, गेल्या दोन वर्षांत मिनिटं किती, हे बघायचं. आपले विंगर कुठून क्रॉस टाकतात त्या दोन-तीन जागा त्याला आधी व्हिडिओवर दाखवायच्या. जानेवारीत येणारा स्ट्रायकर थंडीतून उतरतो, तीन आठवडे दम भरत नाही आणि मार्चमध्ये परत जातो. त्याला पहिल्या प्रीसीझनच्या पहिल्या दिवशी विमानातून उतरवायचं, करार दोन वर्षांचा करायचा, आणि त्याच्यामागे अंधेरीच्या बाकावर आपला एकोणीस वर्षांचा एक पोरगा, ज्याला प्रत्येक सामन्यात शेवटची पंधरा मिनिटं मिळतील हे कागदावर लिहून.